आत्याने सैल सोडलेला नट

एक्क्याण्णव साली योसेफ आतोबा वारले आणि महिना सरायच्या आत माझ्या बाबांनी त्यांचं गॅरेज विकायला गिऱ्हाईक आणलं. सिप्पोरा आत्याला विचारलं कोणी? छे, कोणीच नाही. लग्न झाल्यापासून ती आतोबांच्या जोडीने ट्रकची चाकं उघडत होती. पण बाबांनी धाकट्या बहिणीला इस्रायलला न्यायचा चंग बांधला होता.

गिऱ्हाईक म्हणजे रोडपालीचा जगनशेठ, ट्रकवाला. "शनवारी बंद, आन् आता बाई चालवनार?" तो हसला. आम्ही बेने इस्रायली, इथलेच ज्यू. शनिवारी आमच्या घरात चूल पेटत नाही, तिथे गॅरेज कुठलं उघडणार?

आत्याने पाना उचलला. "तुझ्या ट्रकचं पुढचं चाक मी बसवते. भरल्या गाडीने घाट चढू. वर पोचल्यावर चाकाच्या मधल्या हबला हात लावून चटका बसला, तर गॅरेज तुझं. नाही बसला, तर तुझ्या गाड्या माझ्याकडे."

बेअरिंगच्या निमुळत्या रोलरांना ग्रीस चोपडताना ती मला म्हणाली, "लियोरा, सरळ रोलर वरचं ओझं पेलतो. पण वळणावर ओझं बाजूलाही रेटतं. निमुळता दोन्ही पेलतो. फक्त रेटा एकाच बाजूचा घेतो, म्हणून उलटसुलट तोंडं करून दोन बसवायची."

बाबांनी संधी साधली. "बघ, बेअरिंगलाही जोडीदार लागतो. तू एकटी काय करणार?"

"मी काय बेअरिंग आहे?"

चाक फिरवत तिने नट आवळला, मग किंचित सैल सोडून तो फिरू नये म्हणून पिन घातली. जगनशेठ ओरडलाच. "सैल? आमचा मिस्त्री तं पान्यावर उभा ऱ्हातो!"

"म्हणूनच तुझी बेअरिंगं जळतात. तापलं की फुगतं. त्याला जागा नको?"

बाबा हट्टाने आले नाहीत. जगनशेठने स्वतः गाडी चालवायला घेतली, आम्ही दोघी शेजारी. खोपोली सोडल्यावर सळयांनी भरलेला ट्रक एकेका वळणाला कण्हत होता. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू? आत्या मात्र भुईमुगाच्या शेंगा फोडून टरफलं खिडकीबाहेर टाकत होती.

लोणावळ्यात ती उतरली. "ठेव हात."

जगनशेठने बोट लावलं.

"बोट नको. तळवा."

त्याने तळवा टेकवला आणि तिथेच ठेवला. हब नुसता कोमट होता. मग चाक धरून गदागदा हलवलं, लाथही घालून पाहिली. चाक डुगडुगलं नाही.

"दुसरी गाडी कदी आणू, बाय?" त्याने खाली बघत विचारलं.

"कधीही आण." आत्याने पदरावर सांडलेली टरफलं झटकली. "शनिवार सोडून."