नऊ अंगठे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि ज्या मोठ्या बाईंनी मला घडवलं त्यांना तर नाहीच नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढं गाळून पुढे जाते — त्याला ठाऊक असणारच, मग आपण होऊन विषय कशाला काढा? आज तुम्हाला सांगायला बसले आहे. आजच का, ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

आधी माझी बढाई ऐकून घ्या. तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. रामनगरला मतिमंद मुलांची जी शाळा आहे ती मी चालवते. दोन खोल्यांत सुरू केली, आता जागा पुरत नाही. आमच्याकडे मुलाच्या आधी आईला शिकवतात, आणि आई घरी जाऊन मुलाला शिकवते. जंगलातल्या वाड्यांवर रोज गाडी कुठली जाणार? पण आई रोज असते. हे बघायला लांबून लोक येतात, वहीत उतरवून घेतात, मला शाल-नारळ देतात. नारळाची आमटी करून करून घरचे कंटाळले आहेत. आणि खरं सांगू? मला ते सगळं आवडतं. आमची पोरं स्वतःच्या हातानं जेवतात, बाजारात जाऊन मीठ घेऊन येतात, तेव्हा माझी छाती फुगते. ती आजही फुगते.

मी घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉक गावची. बाबा स्टेशनात पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलून देणारे. कॉलेजचं पहिलं वर्ष मी धारवाडला वसतिगृहात राहून केलं, पण आईचे सांधे धरले आणि घरचं बघायला कुणी नाही म्हणून टी.सी. काढून बेळगावच्या कॉलेजात नाव घातलं. दुसऱ्या वर्षाला, तेही सगळ्यांच्या मैत्र्या जुळून गेल्यावर. पहाटे आईचं आवरून गाडी धरायची, दिवेलागणीला परत. तेव्हा रूळ अरुंद होते, गाडीही छोटी आणि निवांत. वर्गातल्या मुली मला ‘कॅसलरॉक पॅसेंजर’ म्हणायच्या, कारण मी रोज उशिराच पोचायची. मीही त्यांना सोडत नसे, पण डबा मात्र एकटीच खायची.

कॉलेज दुपारी सुटायचं आणि परतीची गाडी चारला. तेवढा वेळ जायचं कुठे? स्टेशनच्या वाटेवर एका शाळेचा गार व्हरांडा होता, तिथं मी टेकायला लागले. शाळा मतिमंद मुलांची आहे हे चार दिवसांनी कळलं. तिथल्या मोठ्या बाईंनी आठवडाभर मला बघितलं आणि एक दिवस एक पोरगा माझ्यापुढे उभा केला. बसलीच आहेस तर ह्याची बटणं लाव, म्हणाल्या. मी सगळी भराभरा लावून दिली. त्यांनी ती सगळी सोडली आणि मला पहिला धडा दिला — बटणं आपण लावायची, पण शेवटचं त्याच्यासाठी ठेवायचं. तेही काजात निम्मं घालून द्यायचं. त्यानं नुसतं ओढायचं. ते जमलं की शेवटची दोन. मग तीन. शेवटाकडून सुरुवातीकडे यायचं, म्हणजे मूल दरवेळी काम पुरं करूनच उठतं, हरून उठत नाही. बाराव्या दिवशी त्या पोरानं गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लावली आणि माझ्याकडे बघून हसला. त्या दिवशी माझी चारची गाडी चुकली. पदवी होताच मी त्याच शाळेच्या प्रशिक्षणाला बसले — तेही येऊन-जाऊनच.

आता — आता येते मुद्द्यावर. येते म्हणते आणि अजून पॅसेंजरसारखी प्रत्येक स्टेशनात थांबते आहे, नाही का?

प्रशिक्षणात एक मूल निवडून त्याच्या घरी बारा शनिवार जायचं होतं. काय शिकवलं ते वहीत लिहायचं आणि खाली आईची सही किंवा अंगठा. मोठ्या बाई म्हणाल्या, तुझ्या जंगलातलंच मूल घे, तिकडे कोण जातंय? माझी मावशी कुंभारवाड्याला असते, तिनं सुमीचं नाव सांगितलं. सुमी दहा वर्षांची. बोलणं दोन-चार शब्दांचं, तोंडातून लाळ, अंगातला फ्रॉकसुद्धा आईनं घालायचा. आई गंगूअक्का — शेतावर आणि रानात राबणारी, सडपातळ, कमी बोलणारी बाई. शनिवारी रामनगरहून कुंभारवाड्याला वस्तीची बस सुटायची, ती वाटेत गंगूअक्काच्या वाडीच्या फाट्यावर थांबायची. मी तिथं उतरायची, शिकवायची, रात्री मावशीकडे आणि सकाळच्या बसनं परत.

तीन शनिवार मी गेले. बटणाची रीत गंगूअक्काला दाखवली. शाईचं पॅड पुढे केलं तेव्हा तिनं डावा अंगठा आधी पदराला पुसला. अंगठ्यावर विळ्याचा जुना वण होता, कागदावर ठशाच्या मधोमध पांढरी रेघ उमटायची. आमच्याकडे शिकवणारीला कानडी रीतीनं अक्कोर म्हणतात. तिनं मला, कालच्या पोरीला, अक्कोर म्हटलं. निघताना मी दरवेळी सांगायची, पुढच्या शनिवारी येते हं.

चौथ्या शनिवारी गेले नाही. का? आजारी होते? नाही. गाडी बंद होती? तीही नाही. आठवडाभर गाडीत बसून पाठ मोडायची, रविवार हाच काय तो एक दिवस, आणि त्या रानवाटेत पायाला जळवा लागायच्या. कंटाळा आला — एवढंच. म्हटलं, पुढच्या वेळी दोन धडे एकदम देऊ.

पाचव्या शनिवारी मात्र मी त्याच बसमध्ये होते. मावशीच्या नातवाचं बारसं होतं, आणि अंगावर आईची मोरपंखी रेशमी साडी. फाट्यावर बस थांबली. कंडक्टरनं विचारलं, कोण उतरणार हाय? खाली गंगूअक्का उभी होती. सुमीला तेल लावून, वेणी घालून, हाताशी धरून. ती एकेक खिडकी बघत पुढे येत होती. आणि मी काय केलं माहीत आहे? चप्पल शोधायला वाकले. चप्पल पायातच होती. सुमी लाळेच्या हातांनी येऊन बिलगली तर साडीचं काय होईल, हा विचार तेव्हा माझ्या मनात होता. कंडक्टरनं घंटी मारली आणि बस हलली तरी मी वाकलेलीच होते.

त्यानंतर तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून गेले नाही. न गेल्याची आणखी लाज वाटली, म्हणून आणखी गेले नाही. वही मात्र भरायची होती. ती मी घरी बसून भरली — सातवी भेट, दोन बटणं लावते. दहावी भेट, चार लावते. मूल कसं शिकतं हे मला ठाऊक होतं, त्यामुळे खोटं अगदी खऱ्यासारखं उतरलं. आणि अंगठे? ते माझे. डाव्या अंगठ्याला शिवणाचा दोरा गुंडाळायची, शाईत टेकवायची, की मधोमध पांढरी रेघ येई. विळ्याचा वण मी दोऱ्यानं केला. नऊ वेळा.

त्या वहीला पहिला नंबर मिळाला. त्याच शाळेत मला नोकरी लागली.

सहा वर्षांनी रामनगरला शिबिर झालं. सगळ्या वाड्यांवरून आया आपली मुलं घेऊन आल्या होत्या. त्याच दिवशी इथं नवी शाळा काढायला दोन खोल्या द्यायच्या आणि मला मुख्य नेमायचं हे ठरायचं होतं. मंडपाच्या दारात एक सोळा वर्षांची मुलगी उभी — परकर-पोलकं, पोलक्याची सगळी बटणं नीट, हातात कापडी पिशवी. ओळख पटायला मला वेळ लागला. मग तिच्यामागे गंगूअक्का दिसली आणि मी खांबाआड सरकले.

पण तिच्या मनात काहीच नव्हतं. ती हौसेनं सांगत सुटली. बटणं तर झालीच, पण शेवटापासून सुरू करायची ती रीत तिनं प्रत्येक कामाला लावली होती. भाताची लावणी — रोप आईनं रोवायचं, सुमीनं नुसता चिखल दाबायचा. मग रोवायचंही तिनं. मग जुडी सोडायचीही. बस — आधी फाट्यापासून घरापर्यंतच सुमीनं एकटीनं चालायचं. मग एक थांबा आधीपासून एकटीनं बसायचं. असं मागे मागे येत आता ती रामनगरचा बाजार करून एकटी घरी जात होती. शेजारच्या वाडीतल्या दोन आयांनाही गंगूअक्कानं ही रीत शिकवली होती. आमच्या पुस्तकात यातलं निम्मंसुद्धा नव्हतं. आज ज्या पद्धतीसाठी मला शाली मिळतात, ती हीच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो मी.

मोठ्या बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांनी गंगूअक्काला माईकपुढे बोलावलं आणि सुमी कशी शिकली ते सांगायला लावलं. गंगूअक्का माईकला घाबरली नाही.

“अक्कोर तीनदा आल्या,” ती म्हणाली. “बटण कसं शिकवायचं ते दावून गेल्या. मागनं आमी दोगींनीच केलं.”

मोठ्या बाई कौतुकानं हसल्या. माझी ती वही त्यांनी जपून ठेवली होती, नव्या मुलींना दाखवायला म्हणून बरोबर आणली होती. त्यांनी ती उघडून वर धरली. अहो, बारा वेळा आल्या, म्हणाल्या, हे बघा तुमचेच बारा अंगठे. मग लोकांकडे वळून म्हणाल्या, भोळी आहेत हो आपली माणसं, मोजता येत नाही. मंडप हसला. वाईट मनानं नाही, पण हसला.

गंगूअक्कानं पानं बघितली. मग आपला अंगठा बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

एवढीच वेळ होती. उठून एक वाक्य बोलायचं होतं — बाई बरोबर सांगते आहे. बोलले असते तर नोकरी गेली असती, प्रमाणपत्र गेलं असतं, त्या दोन खोल्या गेल्या असत्या. हे सगळं मी त्या दोन क्षणांत मोजलं. मोजणं मला चांगलं येतं. आणि मी खाली मान घालून, लाजल्यासारखी, हसले. लोकांना वाटलं, किती विनयी बाई आहे.

“आसंल,” गंगूअक्का माईकवर म्हणाली आणि सुमीच्या शेजारी जाऊन बसली.

टाळ्या माझ्यासाठी वाजल्या. खोल्या मिळाल्या. निघताना गंगूअक्का माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता. पण ती एवढंच म्हणाली, “लावणी चालू हाय. सुमी कशी लावती, बघाय या.”

पुढच्या शनिवारी मी गेले. बस फाट्यावर थांबली आणि मी उतरले. सुमी एकटीच घ्यायला आली होती. तिनं माझी पिशवी काढून घेतली आणि पुढे चालायला लागली. वाटेत माझ्या पायाला जळू लागली तर तिनं ती कंबरेच्या पुडीतल्या तंबाखूनं सोडवली आणि माझ्याकडे बघून हसली. शेतात पोचलो तर गुडघाभर चिखलात तिची ओळ सगळ्यात सरळ. बांधावर उभी राहून मी रडले, आनंदानं रडले. ते रडणं खोटं नव्हतं. त्यानंतर मी किती वेळा गेले असेन, त्याची नोंद मी ठेवलेली नाही.

सुमी आता आमच्या शाळेत आहे. नव्या मुलांना बटणं तीच शिकवते, माझ्याहून चांगली. गंगूअक्का आयांचा वर्ग घेते. ती समोर बोलत असते आणि मी मागे उभी राहून ऐकते. त्या दिवसाबद्दल तिनं कधी एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही. वही अजून मोठ्या बाईंच्या कपाटात आहे, आणि दरवर्षी नव्या मुलींना ती दाखवली जाते. त्यात बारा अंगठे आहेत.

मी तीनदा गेले होते. गंगूअक्कानं बरोबर मोजलं होतं.