शिष्यवृत्तीचा कोट

टेलरबाईंचा स्वभाव तसा तिखटच. कंबरेत घट्ट झालं म्हणून कुणी कुरकुरलं, की त्या टेप गळ्यात अडकवून तिला आरशासमोर उभी करायच्या आणि नेमकं काय वाढलंय ते दाखवायच्या. गिऱ्हाइकं तरीही दुसरीकडे जात नव्हती, कारण त्यांच्या हातचं कापड अंगावर चपखल बसायचंच.

त्यांची थोरली विद्यापीठात परक्या देशांचा अभ्यास करायची. एका डोंगराळ देशात संशोधनाला गेली आणि तिची गाडी दरीत कोसळली. विद्यापीठाने तिच्या नावाने स्मृतिनिधी काढला. त्यातल्या शिष्यवृत्तीवर दरवर्षी एकजण त्याच देशात जायचा. टेलरबाई म्हणाल्या, तिकडे हाडं गोठवणारी थंडी असते, जाणाऱ्याला कोट मी शिवणार. तेव्हापासून विभागातला कारकून फोनवर नुसती मापं सांगायचा, नाव थेट समारंभातच कळायचं, आणि टेलरबाई व्यासपीठावर स्वतःच्या हाताने कोट चढवायच्या. लोकांच्या लेकरांना निरोप देताना त्यांचा हात कधी अडखळला नाही.

घरच्या लेकराची गोष्ट मात्र वेगळी. धाकटीनेही तोच विभाग निवडला तेव्हा टेलरबाईंनी आकाशपाताळ एक केलं. शेवटी निक्षून सांगितलं, काय शिकायचं ते इथे ग्रंथालयात बसून शीक, त्या देशात जायचं नाव काढलंस तर माझ्याशी गाठ आहे. धाकटीने मुकाट मान डोलावली. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. ही पोरगी साधा चहासुद्धा कधी मुकाट प्यायली नव्हती.

यंदाच्या समारंभात विभागप्रमुखांनी नाव पुकारलं आणि पायऱ्या चढून धाकटी वर आली.

टेलरबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. टाळ्या वाजत होत्या, पण त्यांना काही ऐकूच येईना. हिने अर्ज केला कधी? मुलाखत दिली कधी? रोज शेजारी बसून जेवते, आणि थांगपत्ता लागू दिला नाही मेलीने! कोट त्यांच्या हातात तसाच लोंबत राहिला. शेवटी धाकटीनेच पाठ करून त्यात हात घातले.

कोट अगदीच गबाळा बसला. बाह्या बोटांवर आल्या, डावा खांदा तर पार घसरला. धाकटीचा डावा खांदा जन्मापासून जरासा खाली, हे टेलरबाईंइतकं कुणाला ठाऊक होतं?

"मापं कुणाची दिलीस?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"मैत्रिणीची. माझी दिली असती तर तू कापड बेततानाच ओळखलं असतंस." धाकटीने बोटांवर आलेली बाही मागे सारली. "आई, तू नाही म्हणालीस तर नाही जाणार."

टेलरबाईंनी कोट तिच्या अंगातून उतरवला. विभागप्रमुख लगबगीने पुढे आले. बिचाऱ्यांना वाटलं, गेली यंदाची शिष्यवृत्ती. धाकटीने मान खाली घातली.

टेलरबाईंनी कोट उलटा करून खांद्याची शिवण चाचपली.

"हा घालून पाठवू होय तुला तिकडे? गारठून जाशील," त्या म्हणाल्या. "घरी चल. उसवून पुन्हा शिवते."