कॅप्टननं न घेतलेला पास

नव्या बास्केटबॉलच्या रबराचा वास आला की वाशिमच्या आमच्या कॉलेजचं मैदान आठवतं. मी मेडशीहून एसटीनं यायची, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. बॉल हाती आला की लगेच कॅप्टनताईला द्यायची. मोठ्यांच्या आधी आपण कसं मारायचं? एका सामन्यात शेवटची काही सेकंदं उरली होती, आम्ही एका गुणानं मागे, अन् मी बास्केटखाली अगदी मोकळी. तरी मी तिलाच शोधलं. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले अन् ओरडली, "मले कायले देऊन राह्यली वं? मार ना!" मी मारला. बॉल रिंगवर नाचून बाहेर पडला, आम्ही हरलो. मी रडायला लागले तर म्हणाली, "चुकला त चुकला. उद्या पयला बॉल तूच मारजो." आज घरात माझ्या पदवीशेजारी त्या हरलेल्या संघाचा फोटो आहे, मीच लावलेला.