विझल्यानंतरचा अर्धा तास

माझ्या आत्याला कारखान्यात खुर्चीवर झोपायचा पगार मिळतो, अशी आमच्या गल्लीत बातमी आहे. ती पसरवणाऱ्यांत मीही होते, म्हणून दुरुस्तीही मीच करते. आत्या झोपत नाही. पापणीसुद्धा जपून वापरते.

लोखंडी टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात ती फायर वॉच आहे. वेल्डरचं लक्ष जोडावर, आत्याचं ठिणग्यांवर: कुठली कुठे उडाली, चिंध्यांच्या ढिगात शिरली का. काम संपलं की वेल्डर हात धुऊन चहाला जातो. आत्या मात्र अर्धा तास तिथेच. ठिणगी दडून बसते आणि सगळे पांगले की पेटते, म्हणून.

हाच अर्धा तास नव्या मॅनेजरच्या डोळ्यांत खुपला. "बाई, आग लागली तर वेल्डरच विझवेल की! वेगळा माणूस कशाला?" हा माणूस प्रत्येक वाक्य नाकातून काढतो आणि घशात परत ठेवतो. ठरलं असं: रविवारी सगळ्यांना आग विझवायचं प्रशिक्षण, घरच्यांनीही यायचं. वेल्डर आत्याच्या तोडीचा निघाला, तर सोमवारपासून आत्या पॅकिंगमध्ये.

रविवारी कारखान्यात पोचताच मी म्हणाले, "आत्या, वेल्डरदादा तुला हरवणार. त्याचे दंड बघ!"

"लाव पैज. हरलीस तर माझे आजचे कपडे तू धुवायचे."

"आणि तू हरलीस तर?"

"पॅकिंगमधली रिकामी खोकी तुझी."

आवारात पत्र्याच्या ट्रेमध्ये तेल पेटवलं. प्रशिक्षक घसा फोडत होता, "पिन ओढाऽ! नळी आगीच्या बुडाशीऽ! दांडा दाबाऽ!" वेल्डरदादाने आग विझवायच्या लाल सिलिंडरमधून फुस्सकन पावडर सोडली. सहा सेकंदांत आग गारद! दादा आमच्याकडे वळला, दोन्ही हात वर. "काय, कसं काय?" मी तर शिट्टीच मारली. तेवढ्यात त्याच्या पाठीमागे ट्रे भक्कन पुन्हा पेटला. दादा असा उडाला की सिलिंडर एकीकडे, ऐट दुसरीकडे.

मग आत्या. तिला बारा सेकंद लागले, वर वाऱ्याने निम्मी पावडर तिच्याच अंगावर. आग विझली, पण ती वळली नाही. तोंड ट्रेकडे ठेवून पाऊल पाऊल मागे सरकली आणि उभीच राहिली.

"ताई, विझली. या आता," प्रशिक्षक म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"अहो, दिसतंय की!"

"मला नाही दिसत."

मॅनेजर घड्याळाकडे बघून सुस्कारे टाकू लागला. एवढ्यात ट्रेच्या कोपऱ्यात बोटभर ज्योत उठली. आत्याने नळी रोखली. फुस्स.

"साहेब, यांनाच बसू द्या," वेल्डरदादा म्हणाला. "मला पाठीला डोळे नाहीत."

"बरं, खुर्ची... ठेवा," मॅनेजर नाकातल्या नाकात.

"मोडकी आहे," आत्या म्हणाली. "नवीन द्या."

पैज मी हरले. तिची पँट तीनदा धुतली तरी पाणी पांढरंच निघतंय. आणि बाईसाहेब म्हणतात, खिसेही उलटे कर.