जीप वाळवंटात नेऊन बघितली

आमचे हे गेल्यापासून त्यांची जीप घरासमोरच्या खळ्यात ताडपत्रीखाली उभी होती. पुतण्या रुपेश ती पर्यटकांना फिरवायला मागत होता. "काकी, उभ्यान कुजतली ती." विकायची नाही हे माझं ठरलेलं होतं, आणि द्यायची तर सांभाळणाऱ्याच्याच हातात. म्हटलं, आधी लांब चालवून दाखव, मी बाजूला बसते. त्याने मोबाइलवर एक टोळी शोधली. प्रजासत्ताक दिनाला जोडून जैसलमेरच्या पुढे वाळवंटात तंबू. याला म्हणे ओव्हरलँडिंग म्हणतात. सगळं घर गाडीत भरायचं आणि घरापासून लांब आलो म्हणून मिरवायचं, एवढाच त्याचा अर्थ मला लागला.

'लाँग वीकेंड' हाही विनोदच. मालवणजवळच्या आमच्या कट्टा गावाहून निघून पनवेल, बडोदा, बाडमेर असे मुक्काम झाल्यावर तो सुरू होतो. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल लिहीत नाही, कुणी जेवताना वाचत असेल. गुजरातेत रस्ता सरळ आणि आमटी गोड. डिझेल शहरातच भरून घ्या, पुढे पंप विरळ. जानेवारीत दुपारी घाम आणि पहाटे दातखीळ, तेव्हा गरम कपडे न्याच. रुपेशची बायको सानिका मागे डब्यांच्या गर्दीत बसली होती. तीही गाडी चालवते, पण तिला स्टिअरिंग काही मिळालं नाही.

वाळवंटाविषयी वाचनालयातून आणून जे वाचलं, त्यात शांतता फार होती. इथे गाड्यांच्या टपावर तंबू, तंबूंवर रंगीत दिवे आणि मागे जनरेटर. आंगणेवाडीच्या जत्रेतसुद्धा दोन गाड्यांमध्ये याहून जास्त जागा सुटते. टोळीचा म्होरक्या पुण्याचा. "काकू, सायलेन्स अनुभवा!" हे तो भोंग्यातून सांगायचा. भाडं मालवणातल्या समुद्रासमोरच्या खोलीएवढं आणि आंघोळीला अर्धी बादली. दाल-बाटी मात्र चांगली, तूप सोडायला लाजू नका. मी निखाऱ्यावर सुकी सुंगटं भाजली, तर शेजारच्या तंबूतली बाई नाक धरून आली.

"काकू, कसला हो हा वास?"

"जेवणाचा," मी म्हटलं. सुकी कोलंबी कधी पाहिली नसेल बिचारीने.

दुसऱ्या सकाळी टेकड्यांवर गाड्या घालायच्या होत्या. म्होरक्याने सगळ्यांना टायरमधली हवा कमी करायला सांगितली, म्हणजे चाक पसरतं आणि वाळूत रुतत नाही. रुपेश हसला. "वाळू काय आमका नवीन आसा? ओहोटीक किनाऱ्यार रोज गाडी घालतंय मी." ओहोटीची ओली वाळू फरशीसारखी घट्ट असते. ही पिठासारखी. पहिल्याच चढावर जीप बसली. त्याने ॲक्सिलेटर दाबला, तशी चाकं आणखी खाली गेली.

सानिका म्हणाली, "हवा काढूया काय? त्यांनी सांगितल्यानी हुता."

"तू गप रव गो! काकांनी गाडी पार झिजवन टाकल्यानी, दमच नाय तिच्यात."

आमचे हे दर रविवारी त्या गाडीखाली आडवे असायचे. रुपेश दोर मागायला तंबूंकडे गेला. सानिकाने काडीने चारही टायरची हवा सोडली, आम्ही दोघींनी परातीने वाळू उपसली. ती आत बसली आणि थांबली.

"काकी, पाय पोचनत नाय. सीट फुडे घेव?"

ती सीट यांच्या पायांच्या मापाची. रुपेशही तेवढाच उंच, त्यामुळे ती कधी हललीच नव्हती. सानिका माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "घे." खटका गंजलेला. मी मागून रेटलं तेव्हा सीट सरकली. तिने मागचा गिअर टाकला आणि आल्या चाकोरीतून, अजिबात घाई न करता जीप खाली आणली. तेवढ्यात रुपेश दोर घेऊन आला. सोबत फोटो काढायला आख्खी टोळी.

घरी पोचल्यावर चहाचा कप खाली ठेवायच्या आधी त्याने विचारलं, "काकी, मगे ओरोसाक आरटीओत कधी जावया?"

"सोमवारी. सानिकाक आधारकार्ड घेवक सांग."

"तिचा कित्याक?"

"गाडी तिच्या नावार जातली. तुका होयी तेव्हा तिका इचारून ने."

त्याने कप तसाच ठेवला. सानिका आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली.

तुम्ही वाळवंटात जावं का? जा, पण जनरेटरवाल्यांबरोबर नको. गाव बघून एखाद्या घरी उतरा. मला तिथलं आभाळ पहाटे दिवे मालवल्यावर थोडं दिसलं, तेवढं पुरलं.

जीप आता तिच्या दारात असते. आमच्या खळ्यात तेलाचा काळा डाग राहिलाय. उन्हाची जागा तीच, म्हणून काल कुळीथ तिथे वाळत घातले. डागापुरती जागा सोडून घातले.