पुतळाबाईचं ‘हूं’

“आत्ये, नलाला पानी आयला का?”

“हूं.”

“हूं म्हंजे आयला का नाय?”

“हूं हूं.” आणि फोन बंद.

तेजलच्या समोर, उल्हासनगरच्या ऑफिसात बसलेले तिचे मालक भूपेशशेठ खूश झाले. “हां बोली ना? चल, अब सब में डाल दे.”

सब म्हणजे अंबरनाथ-बदलापूरच्या तीनशेवर सोसायट्या. प्रत्येक पंपरूममध्ये लिनक्सवर चालणारा छोटा संगणक. तेजल त्याला डबा म्हणते. ठरल्या वेळेला पंप तोच चालू करतो. नवं सॉफ्टवेअर आलं की सोनिवलीची ही पोर कीबोर्ड काखेत मारून स्कूटीवर निघायची, चिखल नि उंदीर तुडवत एकेक पंपरूम गाठायची. शेवटी तिने असं जमवलं, की ऑफिसातून हुकूम सोडला की डबे आपापले सुधारतील. आज त्याची पहिली खेप. फसली तर गावभर नळ कोरडे आणि तेजल परत स्कूटीवर.

म्हणून पहिला डबा घेतला तो बुवापाड्यातल्या पुतळाआत्याच्या बिल्डिंगचा. सकाळी सुधारला, स्क्रीनवर हिरवा झाला. पण हिरवा म्हणजे डबा जिवंत, एवढंच. नळाचं सांगायला आत्याच लागते. पाणी नाही आलं तर बाकीचे गुपचूप टँकर मागवतात. आत्या जिन्यात उभी राहून तेजलच्या बापापासून शिव्यांना सुरुवात करते.

“शेठ, ती एका अक्षरात कधी बोलत नाय.”

“तो आज बोली.”

“तोंडात मिशरी असंल. पण इतका वेळ? चूळ भरायला काय...” तेजल थांबली. “चूळ भरायला पानीच नसंल.”

तिने बसल्या जागेवरून डब्यात डोकं घातलं. नव्या सॉफ्टवेअरने त्याचं घड्याळ लंडनच्या वेळेवर नेऊन ठेवलेलं. बुवापाड्यात उन्हं चढली, डब्याच्या लेखी अजून पहाटच होती. तेजलने घड्याळ सरळ केलं, पंप चालू केला.

थोड्या वेळाने फोन आला.

“गो भवाने, सकालपासना माजा तोंड बांधून ठेवलास. थांब, तुजे बापासलाच सांगतंय.”

“पानी आयला ना?”

“आयला. तो तुजा डबा घाल तुजे डोक्यावर.”

“ये हुआ असली हां,” शेठ म्हणाले.

आत्याचं अजून संपलं नव्हतं. तेजलने फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला, घड्याळाची दुरुस्ती सॉफ्टवेअरातच घातली आणि पुढचे दहा डबे निवडायला घेतले.