विहिरीचं दुसरं निगेटिव्ह

दीपमालाला अंधाराची भीती कधीच वाटली नाही. लातूरकडून लग्न होऊन ती पुनावळ्यात आली आणि भोसरीच्या एका कंपनीत तिला डार्करूममध्ये काम मिळालं. वेल्डिंगच्या जोडात आत भेग आहे का ते पाहायला काढलेले एक्स-रे तिथं धुतले जायचे. बाहेर प्रेस धडधडायचे, आत फक्त पाण्याचा आवाज. पुढं सगळं कॉम्प्युटरवर आलं, डार्करूममध्ये खोकी रचली गेली आणि तिला स्क्रीनसमोर बसवलं. तिला करमेना. मग जुन्या बाजारातून तिनं भात्याचा लाकडी कॅमेरा आणला. त्यात एका वेळी पोस्टकार्डाएवढी एकच फिल्म बसे.

घरमालकीण सारजाबाईंची विहीर टॉवरांच्या मधे कशीबशी उरली होती. तीही बुजवायचं ठरलं, तेव्हा एका दुपारी दीपमालानं म्हातारीला काठावर बसवून दोन फोटो काढले. पहिली फिल्म डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या नेहमीच्या रसायनात, धुतली. छापल्यावर पांढरं लुगडं आणि चमकणारं पाणी, दोन्ही चुना फासल्यासारखं सपाट आलं. दुसरी तिनं डब्यात बंद करून ठेवली.

"शिकल्याशिवाय हिला हात लावणार नाही," ती नवऱ्याला, रविराजला म्हणाली.

ती शिकत होती तोवर विहिरीत मुरूम पडला.

पायरो नावाचं एक जुनं, विषारी रसायन असतं. फिल्मवर जिथं जितका उजेड पडला, तिथं तितका पिवळट डाग ते चढवतं. उन्हात छापताना तो डाग ऊन अडवून धरतो आणि पांढऱ्यातल्या चुण्या जाग्या राहतात. गच्चीवर वाळणाऱ्या चादरींचे फोटो काढून काढून तिनं त्यावर हात बसवला.

एका रविवारी तिनं न्हाणीघराची खिडकी काळ्या कापडानं बंद केली, हातमोजे चढवले, कोपऱ्यातल्या खाचा चाचपून सुलटी बाजू ओळखली आणि ती दुसरी फिल्म पायरोच्या ट्रेमध्ये सोडली. ती ट्रे हलकेच झुलवू लागली. पाणी एका कडेकडून दुसऱ्या कडेला जाई, परत येई. हळूहळू भिंती लांब गेल्यासारख्या वाटल्या. पायाखाली गार दगड आले. आपण पायऱ्या उतरतोय, वर आभाळाचा गोल लहान लहान होत चाललाय, असं तिला वाटत राहिलं. गजर वाजला तेव्हा ती दचकली.

फिल्म उजेडात आली. रविराज म्हणाला, "पिवळी पडली की गं. बिघडली का?"

"नाही हो. अशीच यायला हवी."

लोह-चांदीचं द्रावण लावलेल्या कागदावर फिल्म ठेवून तिनं काचेची चौकट गच्चीवर उन्हात मांडली. कागद तपकिरी होत गेला. धुतल्यावर लुगड्याची घडी न् घडी दिसली, आणि विहिरीच्या आतल्या दगडांवर पाण्यावरून उसळलेली उन्हाची तिरीपसुद्धा.

सारजाबाईंनी ओला फोटो मांडीवर घेतला. स्वतःकडं पाहिलंच नाही. पाण्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हाय की अजून."

"काय, आजी?"

"पानी. आन् ही पायरी. हितं घागर टेकवून मी दम खायचे. सासू वरनं हाक मारायची, मी वो द्यायचे न्हाई." त्या हसल्या. "गार वाटायचं, पोरी. लई गार."

दीपमाला त्यांच्या शेजारी टेकली. म्हातारी एकेक पायरी सांगत खाली उतरू लागली, आणि ती मागोमाग.